दोन बटणांचं दार

भिंगरी हे नाव तिला वडिलांच्या दुकानात येणाऱ्या पोरांनी ठेवलं. दुकान व्हिडिओ गेमचं. एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना पाठ टेकून उभी असलेली मशीनं, दारात गल्ला आणि गल्ल्यावर वडील. शाळा सुटली की ही दप्तर गल्ल्याखाली भिरकावून जे मशीन रिकामं दिसेल त्याला भिडायची, तिथून दुसऱ्याला, दुसऱ्यावरून तिसऱ्याला. मिसरूड फुटलेले, स्वतःला वाघ समजणारे गडी तिच्याकडून हरायचे आणि मशीन बिघडलंय म्हणायचे. मशीनं दुरुस्त करणारे वडीलच, त्यामुळे ते जागेवरून न उठता म्हणायचे, "मशीन ठणठणीत आहे. बिघाड तुझ्यात आहे, आणि त्याचे सुटे भाग माझ्याकडे मिळत नाहीत."

वडिलांचा एक नियम होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने तांबड्या रंगात भिंतीवर लिहिला होता: दुसऱ्याच्या खेळाला हात लावू नये. अशा दुकानात एक खेळतो आणि पाचजण मागे उभे राहून अक्कल शिकवतात. शिकवायला वडिलांची हरकत नव्हती. ओरडा, टोमणे मारा, डोकं खा. पण मागून कुणी हात घालून बटण दाबलं, की ते गल्ला सोडून उठायचे आणि त्या माणसाला बकोटीला धरून फुटपाथवर नेऊन ठेवायचे. तो मदत करत होता की खोडी, हे विचारायची पद्धत नव्हती. "हरू दे की त्याला," म्हणायचे. "पण त्याचं त्याला हरू दे."

भिंगरीचं शिक्षण संपत आलेलं असताना तिची स्कूटर घसरली. बाकी सगळं जिथल्या तिथे राहिलं, पण डाव्या खांद्यातल्या नसा तुटल्या. हात दिसायला शाबूत होता, फक्त ऐकत नव्हता. कुणीतरी सांभाळायला देऊन विसरून गेलेल्या सामानासारखा तो अंगाला लटकून राहिला.

आणि मग सुरू झाली मदत. ज्याचा एक हात जातो त्याच्याभोवती हजार हात उगवतात, आणि त्यातला एकही त्याला काही करू देत नाही. ग्लास उचलला की कुणीतरी तो काढून घेऊन तोंडाला लावतं. कुलपात किल्ली घातली की मागून कुणीतरी ती फिरवतं. वर पुन्हा धन्यवादाची अपेक्षा आहेच. आई, काकू, मामा, शेजारी, सगळे तिच्यासाठी मरमर करत होते आणि ती चिडचिडी झालीय असं एकमेकांना सांगत होते. झालीच होती. दिवसभर स्वतःचं आयुष्य दुसऱ्यांनी खेळताना बघत बसायचं म्हटल्यावर कोण होणार नाही?

वडील तेवढे मदतीला आले नाहीत. नातेवाइकांत त्यांना दगड म्हणायला सुरुवात झाली होती. त्या दगडाने एका सकाळी दुकानातलं कोपऱ्यातलं मशीन उघडलं, त्याचा दांडा आणि बटणं उपटून एकमेकांच्या इतकी जवळ बसवली की एकाच तळहाताखाली यावीत, पत्रा ठोकून बंद केला आणि काही न बोलता गल्ल्यावर जाऊन बसला. भिंगरी त्या मशीनवर पुन्हा हरायला शिकली. मग पुन्हा जिंकायला.

पुढे घरोघरी मोबाईल आले आणि दुकानाचे दिवस भरले. वडीलही गेले. मोठ्या भावाने, म्हणजे तिच्या दादाने, मशीनं भंगारात घातली आणि त्याच खोलीत मोबाईल आणि हातात धरून गेम खेळायचे कंट्रोलर दुरुस्त करायचा धंदा टाकला. कोपऱ्यातलं मशीन मात्र त्याला भंगारात घालता आलं नाही. भिंगरी त्याच्यासमोर स्टूल टाकून बसली होती. मागच्या टेबलावर तिने स्वतःचं काम थाटलं. टेबलाला घट्ट बसवलेला एक शिकंजा हा तिचा दुसरा हात. त्यात कंट्रोलर आवळायचा आणि उजव्या हाताने आतल्या तारा सोडवून नव्या जागी जोडायच्या. कुणाची बोटं गेलेली, कुणाचे हात थरथरणारे, कुणी फक्त पायाने खेळू शकणारा. ज्याला जसं जमेल तसा कंट्रोलर ती बनवून द्यायची. हे तिला कुणी शिकवलं नाही. शिकवायला कुणी आलं असतं तर बहुतेक भांडण झालं असतं.

पण कंट्रोलर बदलून गेम बदलत नाही. गेम बनवणाऱ्यानेच दोन अंगठे, आठ बोटं गृहीत धरून रचना केली, तर खालून किती ठिगळं लावणार? म्हणून भिंगरीने नवीन उद्योग सुरू केला. गेमच्या बातम्या देणारी एक साइट होती. नवीन गेम जाहीर झाला, कुणाला बक्षीस मिळालं, कुठल्या मोठ्या कंपनीने कुठली छोटी गिळली, कुणी आपली निम्मी माणसं एका ईमेलवर घरी पाठवली, बातमी काहीही असो, खाली भिंगरीचा प्रश्न ठरलेला: एका हाताने चालतो का? लोक वैतागले. कुणीतरी लिहिलं, बाई, एका हाताने टाळी वाजत नाही. तिने उत्तर दिलं, टाळी तुम्हीच ठेवा, मला बटण हवंय.

त्या प्रश्नाला कंपन्यांनी कधी उत्तर दिलं नाही. मग गेम बनवणाऱ्या एका छोट्या स्टुडिओच्या मालकाने दिलं. लिहिलं, "नाही चालत. कसा चालवायचा ते येऊन सांगाल का?"

दादा म्हणाला, जाऊ नकोस, फोटो काढायला बोलावतायत. भिंगरी म्हणाली, फोटो काढला तर कॅमेरा घेऊन येईन, तुला सुट्या भागांना होईल.

स्टुडिओ म्हणजे रंगाच्या दुकानावरच्या मजल्यावरची मोठी खोली. जिन्यापर्यंत टर्पेंटाइनचा वास. आत पडदे कायम ओढलेले, जमिनीवर तारांची जाळी, एक स्प्रिंग मोडलेला सोफा आणि त्याच्यासमोर भिंतीएवढा टीव्ही. मालक तिच्यापेक्षा बराच लहान, काटकुळा, सतत केसांतून हात फिरवणारा. मालक म्हणायला तिनेच सुरुवात केली, टोमणा म्हणून. मग सगळेच म्हणायला लागले. दुसरा लक्षात राहण्यासारखा होता तो प्रोग्रॅम लिहिणारा. कुणी रागावलं की तो मान टोपीच्या जॅकेटात ओढून घ्यायचा, म्हणून त्याला कासव म्हणत. तिला सगळे ताई म्हणायचे. ती सगळ्यांना अरे-तुरे करायची, फक्त मालकाला अहो-जाहो. तो पगार देत होता, एवढा मान त्याला होता.

गेम एका नावाड्याचा होता. फुगलेली नदी, भोवरे, वाहून येणारे ओंडके, आणि या काठावरची माणसं त्या काठाला पोचवायची. डाव्या अंगठ्याने डावं वल्हं, उजव्याने उजवं. दोन्हींचा ताल जमला की होडी पाण्यावरून अशी सरकायची की बघत राहावं. सुंदर होता गेम, आणि दोन हात असलेल्यांसाठीच होता.

एका हाताची सोय म्हणून त्यांनी काय केलं होतं, तर दुसरं वल्हं गेमच आपोआप मारायचा. भिंगरीने थोडा वेळ खेळून कंट्रोलर सोफ्यावर ठेवला आणि विचारलं, "माझ्या होडीत हा दुसरा कोण बसलाय?"

कुणाला काही कळलं नाही. ती म्हणाली, मी चुकले तरी तो सावरून घेतो, मी झोपले तरी तो नेतो. असले खूप आहेत माझ्या घरी. याला उतरवा.

त्या दुसऱ्याला उतरवायला बरेच महिने लागले. खेळ बनवणं बाहेरून वाटतं तसं नसतं. बहुतेक वेळ एकच गोष्ट थोडी बदलून पुन्हा पुन्हा करून बघण्यात जातो. शेवटी वाट सापडली ती होडीच्या मागच्या टोकाला. दोन्ही बाजूंची वल्ही काढून टाकायची आणि मागे उभं राहून एकाच लांब वल्ह्याने पाणी कापत जायचं, खरे नावाडी चालवतात तसं. कासवाने त्या एका वल्ह्याला स्वतःचं वजन दिलं, स्वतःची खोड दिली. सरळ धारेत ते दोन वल्ह्यांपेक्षा हळू चालायचं, पण भोवऱ्यात शिरलं की होडीला असं गर्रकन वळवायचं की दोन वल्ह्यांवाल्यांनी तोंडात बोट घालावं. बुडायला होतं, पण स्वतःच्या चुकीने. भिंगरी पहिल्यांदा बुडाली तेव्हा खूश होऊन तिने कासवाच्या पाठीत असा गुद्दा घातला की त्याची मान आत गेली ती तासभर बाहेर आली नाही.

दर शुक्रवारी दुपारी सगळे सोफ्याभोवती जमून त्या आठवड्याची प्रत खेळायचे. हळूहळू दोन्ही हात धडधाकट असलेली पोरंही मागचं वल्हं मागायला लागली. भिंगरीला आणखी काय हवं होतं?

बातमीच्या साइटवरून एक बातमीदार मुलगी आली, जिने आजवर भिंगरीचा तो प्रश्न शेकडो बातम्यांखाली वाचला होता. तिने तोच प्रश्न उलटा विचारला. चालतो का, ताई? भिंगरी म्हणाली, गेम सुरू करण्यापासून संपेपर्यंत दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही, हा माझा शब्द आहे. मुलीने तो शब्दच मथळ्यात टाकला. मग दुकानात निरोपांची रीघ लागली. कुठून कुठून माणसं लिहीत होती: ताई, तुम्ही म्हणताय म्हणून घेतोय.

ही "तुम्ही म्हणताय म्हणून" भानगड तिला पहिल्यांदाच जड वाटली.

गेम पुरा झाला. प्रत कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन, बनवणाऱ्या कंपनीकडे तपासणीला गेली. थोड्याच दिवसांत वर्षातला सगळ्यात मोठा गेमचा मेळा होता, जगभर थेट दाखवला जाणारा, आणि त्यात या छोट्या स्टुडिओला जागा मिळाली होती. मालक जमिनीपासून वीतभर वर चालत होता. भिंगरीने तीच प्रत दुकानासाठी मागून घेतली. तिला ती सगळ्यांत आधी एका माणसाला द्यायची होती.

तो माणूस म्हणजे सुतारकाका. वडिलांच्या दुकानातलं जुनं गिऱ्हाईक, भिंगरीकडून हरून मशीनला दोष देणाऱ्या वाघांपैकी एक, वयाने सगळ्यांत थोरले. पुढे करवतीने त्यांच्या उजव्या हाताची बोटं नेली, अंगठा ठेवला. तेव्हापासून त्यांनी खेळाकडे बघितलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, पोरी, आता नातवंडं खेळतात, मी बघतो. हे वाक्य ते इतक्या समजूतदारपणे म्हणायचे की भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दादाने खोक्यातून कोरं मशीन काढलं, टीव्हीला जोडलं, गेम चालू केला. सुतारकाका डाव्या हातात कंट्रोलर घेऊन स्टुलावर सावरून बसले. पडद्यावर धुकं आलं, धुक्यातून नदी आली, नदीवर रिकामी होडी. आणि अक्षरं उमटली: दोन्ही वल्ही हातात घ्या. खाली चित्र. कंट्रोलरच्या डाव्या खांद्यावरचं आणि उजव्या खांद्यावरचं, अशी दोन्ही बटणं एकाच वेळी दाबायची.

भिंगरीने ही स्क्रीन आयुष्यात पाहिली नव्हती.

सुतारकाकांनी डावं बटण दाबलं. मग कंट्रोलर मांडीवर उभा करून उजव्या हाताचा अंगठा दुसऱ्या बटणापर्यंत न्यायचा प्रयत्न केला, कंट्रोलर निसटला. गुडघ्यांत धरला, तो फिरला. पोटाशी दाबला. एका हाताची सोय सेटिंगमध्ये होती, सगळी होती, मोठ्या अक्षरांत, उजव्या हाताची वेगळी आणि डाव्याची वेगळी. फक्त सेटिंगपर्यंत जायला आधी हे दार उघडायला लागत होतं, आणि दाराला दोन हातांचं कुलूप होतं.

काका हसले. तेच समजूतदार हसू. म्हणाले, "पोरी, हे दुसरं बटण कुणी दाबायचं?"

दादा शेजारीच उभा होता. स्वभावाने भला माणूस. त्याचा हात आपसूक पुढे गेला. भिंगरीने तो इतक्या जोरात झटकला की काउंटरवरची स्क्रू ड्रायव्हरची बरणी आडवी झाली.

"हात लावू नकोस."

"अगं, एक बटण तर आहे."

"दादा, हात लावू नकोस."

बहिणीकडे बघून दादाचा हात खिशात गेला. भिंतीवरची ती तांबडी अक्षरं आता मोबाईलच्या कव्हरांमागे झाकली गेली होती, पण ती तिथे आहेत हे दोघांनाही माहीत होतं. सुतारकाकांनी कंट्रोलर अलगद काउंटरवर ठेवला, म्हणाले, राहू दे, निघतो, कामं पडलीत. कुठली कामं पडली होती? भिंगरीने त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत जाताना पाहिलं, आणि मग ती चप्पल अडकवून निघाली.

स्टुडिओत पोचेपर्यंत तिने मालकासाठी जे शब्द जमवले होते ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्यातले बरेचसे तिने जिन्यातच वापरून टाकले. वर आल्यावर कळलं ते असं. ती स्क्रीन मालकाने स्वतः काढलेली. कंपनी नव्हती, पैसे नव्हते, भाड्याच्या खोलीत एकटा बसून त्याने या गेमची काढलेली ती पहिली गोष्ट. खेळणाऱ्याने सुरुवातच दोन्ही वल्ही धरून करावी, ही त्याची लाडकी कल्पना. पुढे कामाच्या धबडग्यात रोज त्या स्क्रीनमधून कोण जाणार, म्हणून कासवाने एक चोरवाट करून ठेवली: गेम उघडला की थेट नदीत. सगळे त्याच वाटेने जायचे. भिंगरीला दिलेल्या प्रती त्याच वाटेच्या, शुक्रवारचा खेळ त्याच वाटेचा. ज्यांनी घर बांधलं ते इतके दिवस खिडकीतून ये-जा करत होते; पुढच्या दाराला कसली कडी आहे हे एकालाही आठवत नव्हतं. ही चूक करायला स्वतःच्या खेळात बुडालेलीच माणसं लागतात.

कासवाने ऐकलं आणि मान आत ओढून घेतली. मालक पांढरा पडला, पण लगेच सावरला. म्हणाला, चूक झाली, मान्य. पण प्रत गेली. आता परत मागवली तर नवी तपासणी, आणि तपासणी होईपर्यंत मेळा संपलेला असेल. गेम बाजारात आला की पहिल्या आठवड्यातच दुरुस्ती पाठवू, सगळ्या कंपन्या असंच करतात. इथे थांबला असता तर कदाचित निभावलं असतं. पण त्याने पुढे जोडलं, "आणि ताई, एकदाच तर दाबायचंय. घरात कुणीतरी असतंच ना."



"असतं," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच भयंकर होतं. "कुलूप उघडायला असतं, शर्टाची बटणं लावायला असतं, रस्ता ओलांडून द्यायला असतं. एकच जागा मागितली होती रे, जिथे कुणी नसेल."

अहो-जाहो संपलं होतं. मालकाच्याही ते लक्षात आलं. तो चाचरत म्हणाला, पण तुम्ही स्वतः तर हनुवटीने दाबू शकता, मी पाहिलंय.

"शकते. हनुवटीने, दाताने, गुडघ्याने, सगळ्याने शकते. माझ्यासारखे चारजण जमवून घेतात, म्हणून तर तुम्ही कुणी काही बदलत नाही." तिने सोफ्यावरचा कंट्रोलर उचलून त्याच्या मांडीवर टाकला. "कासवा, ती चोरवाट बंद कर. मशीन कोरं कर. आणि तू, हातावर बस."

"काय?"

"डावा हात खाली घे आणि त्याच्यावर बस."

सगळा स्टुडिओ बघत होता. नाही म्हणायला मालकाला तोंड नव्हतं. तो मोडक्या स्प्रिंगच्या सोफ्यावर स्वतःच्या हातावर बसला. भिंतीएवढ्या टीव्हीवर धुकं आलं, नदी आली, होडी आली. त्याने स्वतः काढलेली, किती दिवसांनी पाहत होता. दोन्ही वल्ही हातात घ्या.

त्याने बोटं ताणली. कंट्रोलर मांडीवर आडवा केला, उभा केला. हनुवटी लावली, कंट्रोलर घसरून तारांच्या जाळीत पडला. कुणीतरी फिसकन हसलं. तो वाकला, उचलला, पुन्हा हनुवटी लावली, पुन्हा पडला. आता कुणी हसलं नाही. चित्र काढणारी एक मुलगी शेजारी बसली होती, तिचा हात मदतीला पुढे आला, आणि मालक तिच्यावर खेकसला, "नको. मी करतो."

मग तो स्वतःच्याच शब्दांवर थबकला. पडद्यावर होडी शांतपणे डुलत होती, येणाऱ्याची वाट बघत.

बराच वेळ त्याने केसांतून हात फिरवला, जो एक मोकळा होता तो. मग भिंगरीकडे न बघता म्हणाला, "कासवा, प्रत परत मागव."

मेळा हातचा गेला. आयोजकांनी त्यांच्या जागी दुसरा गेम लावला आणि बातमीच्या साइटवर एक ओळ आली की नावाड्याचा गेम ऐनवेळी मागे घेतला गेला. खाली लोकांनी तर्क लढवले: पैसे संपले, भांडणं झाली, गेम बंडलच होता. एकाने लिहिलं, त्या एका हातवाल्या बाईने बुडवला. भिंगरीने ते दादाला वाचून दाखवलं. दादा म्हणाला, आता गप्प बसायचं. गप्प बसणं तिच्या खानदानात नव्हतं. तिने बातमीदार मुलीला फोन लावला आणि सरळ सांगितलं: तुझ्या मथळ्यात जो शब्द छापलास तो खोटा होता, मी पहिलं दार बघितलंच नव्हतं. आता खरा आहे. मेळ्यात नाही, माझ्या दुकानात ये. कॅमेरा घेऊन ये आणि जे दिसेल ते छाप.

नवी प्रत तपासून परत आली, त्या रविवारी सकाळी दादाने दुकानाचं शटर पूर्ण वर केलं. काउंटर बाजूला सरकवून टीव्ही रस्त्याकडे तोंड करून लावला. आणि मग, बहिणीने सांगितलं नसताना, त्याने भिंतीवरची मोबाईलची कव्हरं एकेक काढली, खिळ्यांसकट. मागची तांबडी अक्षरं थोडी उडाली होती, पण वाचता येत होती.

स्टुडिओतली सगळी आली. मालक सगळ्यात मागे, पेढीवर दरोडा पडलेल्या सावकारासारखा चेहरा करून. भिंगरीच्या कंट्रोलरची माणसं आली: थरथरत्या हातांचे एक निवृत्त मास्तर, पायाने खेळणारी एक मुलगी, व्हीलचेअरवरचा एक वायरमन. आणि कुणी निरोप दिला देव जाणे, पण वडिलांच्या दुकानातले जुने वाघही आले, टकलं पडलेले, पोटं सुटलेले, आणि आल्या आल्या त्यांनी आपली जुनी जागा घेतली, खेळणाऱ्याच्या पाठीमागची. सुतारकाकांना दादा स्वतः जाऊन घेऊन आला होता. काका म्हणत होते, मी बघायला आलोय फक्त.

"बघून झालं," भिंगरी म्हणाली. "बसा."

मशीन कोरं होतं. धुकं, नदी, होडी. अक्षरं नवी होती: वल्हं धरा. कुठलंही एक बटण चाललं असतं. सुतारकाकांच्या डाव्या अंगठ्याने एक दाबलं, आणि धुकं फाटलं. गेमने पहिलाच प्रश्न विचारला: कोणता हात? काकांनी त्या प्रश्नाकडे जरा वेळ बघितलं. आयुष्यात हे त्यांना कुणी असं सरळ विचारलं नव्हतं. मग त्यांनी डावा निवडला आणि होडी धारेला लागली.

पहिल्याच ओंडक्यावर बुडाले. मागून वाघांनी एकच गिल्ला केला. अहो डावीकडे, काका, डावीकडे म्हणजे तुमच्या डावीकडे, लाकूडच दिसत नाही तर कसले सुतार. दुसऱ्यांदा बुडाले. एक टकलू इतका कळवळला की त्याचा हात कंट्रोलरकडे निघाला. दादाने त्याला बकोटीला धरून फुटपाथवर नेऊन ठेवलं. गल्लीत असा हशा उठला की समोरच्या खिडक्या उघडल्या. तिसऱ्यांदा काकांनी वल्हं भोवऱ्याच्या कडेला टेकवलं, वाट पाहिली, कापलं, आणि होडी गर्रकन वळून मोकळ्या पाण्यात शिरली. त्यांच्या तोंडून एक शिवी निघाली, जुनी, दुकानातली, वीस वर्षं न वापरलेली. पैलतीराला होडी लागली तेव्हा गल्लीभर टाळ्या पडल्या. सुतारकाका टाळ्यांकडे न बघता म्हणाले, पुढची नदी कुठाय?

मग रांग लागली. मास्तर, पायाने खेळणारी मुलगी, वायरमन. दर वेळी मशीन कोरं, दर वेळी सुरुवात पहिल्या स्क्रीनपासून, आणि दर वेळी दार ज्याचं त्याने उघडलं. बातमीदार मुलगी चित्रण करता करता रडत होती की हसत होती, हे तिलाच माहीत. शेवटी वाघांनी मालकाला पुढे ढकललं. तो न सांगता हातावर बसला, एका हाताने खेळला आणि सुतारकाकांच्या निम्म्या अंतरावर बुडाला. गल्लीने त्याला बरंच काही ऐकवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि भिंगरीला विचारलं, "पुन्हा एकदा खेळू का?"

"रांगेत उभे राहा, मालक," ती म्हणाली. अहो-जाहो परत मिळालं होतं.

ते चित्रण साइटवर गेलं आणि मेळ्यातल्या चकचकीत जाहिरातींना मागे टाकून गेलं. गेम निघाला, चालला, लोकांनी डोक्यावर घेतला. त्याची चर्चा करताना मागच्या वल्ह्याचं नाव आलं नाही असं झालं नाही. मोठमोठ्या कंपन्यांची पत्रं यायला लागली, आमचाही गेम बघाल का? भिंगरी सगळ्यांना एकच उत्तर पाठवते: आधी तुमच्या गेमची पहिली स्क्रीन हातावर बसून उघडा, मग बोलू.

सुतारकाकांनी दुकानातून कन्सोल घरी नेला होता. काही दिवस त्यांचा पत्ता नव्हता. मग एका सकाळी शटर अर्धं वर असतानाच ते आत आले, दाढी वाढलेली, डोळे लाल, चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा.

"काल घरातले सगळे बाहेर गेले होते," त्यांनी भिंगरीला सांगितलं. "सगळे. एकटाच होतो. मीच चालू केला."

"मग?"

"बुडालो."

"मग?"

"मग काय मग? परत चालू केला."